मुक्कामाची येष्टी

माझ्या आजीनं जन्मात कधी 'बस' हा शब्द उच्चारला नाही. ती 'येष्टी' म्हणायची, आणि गोठ्यातल्या गाईम्हशींना नावं असतात तशी तिच्याकडे प्रत्येक येष्टीला नाव होतं. बाजारची, शाळेची, दुपारची, मुक्कामाची. घरातलं घड्याळ कधीचं बंद पडलं होतं. 'शाळेची गेली, भाकरी टाकायला घ्या', 'मुक्कामाची आली, पोरांना वाढा' अशी आमच्या घरची वेळ चालायची.

आमचं गाव पारनेर तालुक्यात, नगर-पुणे रस्त्यावरच्या सुप्यापासून चार मैल आत. मोठा रस्ता इतका जवळ असल्यानं एसटीचा इतिहास आम्हाला पुस्तकातून वाचावा लागला नाही; तो पाहिलेल्या माणसांच्या तोंडून कानावर पडला. त्या माणसांपैकी आता कोणी उरलं नाही, म्हणून त्यांनी सांगितलेलं आठवेल तेवढं लिहून ठेवतो आहे.

आजोबांच्या थोरल्या भावाला सगळं घर 'थोरले बाबा' म्हणायचं. एसटीच्या आधीचे दिवस त्यांनी पाहिले होते. तेव्हा 'सर्व्हिस मोटार' असायची, खासगी मालकांची. तिची सुटायची वेळ एकच, भरली की सुटली. सकाळी सहाला सुप्याला जाऊन बसलं तरी गाडी दहाला हलेल का बाराला, हे मालकाच्या मनावर. बाजाराच्या दिवशी भाडं वाढायचं, लग्नसराईत आणखी वाढायचं. एका रस्त्यावर दोन मालकांच्या गाड्या आल्या की उतारू ओढण्यावरून हमरीतुमरी ठरलेली. 1939 च्या मोटार वाहन कायद्यानं परवान्यांची थोडी शिस्त आणली, पण लगेच दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि पेट्रोल मिळेनासं झालं. मग मोटारी कोळशावर चालू लागल्या. गाडीला मागं एक उंच पिंप बसवलेलं असायचं. त्यात कोळसा पेटवायचा आणि त्यातून निघणारा गॅस इंजिनाला द्यायचा. क्लीनर पोऱ्या आधी कितीतरी वेळ पंख्याचा दांडा फिरवत बसलेला असायचा. चढ आला की उतारूंनी खाली उतरायचं आणि ढकलायचं. पैसे मोजून बसलेली म्हातारी माणसं घामानं निथळत मोटार ढकलायची, ते थोरल्या बाबांना शेवटपर्यंत विसरता आलं नाही.

1 जून 1948 ला मुंबई प्रांताच्या सरकारी वाहतुकीची पहिली गाडी अहमदनगरहून (आजच्या अहिल्यानगरहून) पुण्याला निघाली, ती आमच्याच रस्त्यानं. चालक होते किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. ही दोन नावं आमच्या भागात आजही आदरानं घेतात. गाडी बेडफर्डची, लाकडी बांधणीची, 30 आसनांची. तिचा रंग निळा आणि चंदेरी. लाल रंग मागाहून आला. थोरले बाबा तेव्हा चौदा वर्षांचे. सरकारची मोटार येणार म्हणून ते पहाटेच घरून चालत निघाले आणि सुप्याच्या रस्त्यावर जाऊन थांबले. बायाबापड्या हळदकुंकवाची ताटं घेऊन उभ्या होत्या. लोकांनी गाडीला हार घातला, नारळ फोडला. स्वातंत्र्य येऊन वर्षही झालं नव्हतं. बाबा म्हणायचे, "स्वराज्य आलं म्हणून ऐकलं व्हतं. डोळ्यांनी बघितलं ते त्या दिवशी." खासगी मोटारवाल्यांचा या गाडीला विरोध होता, पुण्यात शिरताना पोलीस बंदोबस्त द्यावा लागला, असंही ते सांगायचे.

पण थोरल्या बाबांची खरी गोष्ट त्या दिवसाची नव्हती. ती पुढच्या पावसाळ्यातली. सुप्याच्या थांब्यावर ते कोणाला तरी पोचवायला गेले होते. पाऊस धो धो कोसळत होता, बाजार मोडलेला, गाडीत सहा-सात माणसं. बाबांना वाटलं, आता ही तास-दीड तास हलत नाही. एवढ्यात कंडक्टरनं मनगटावरच्या घड्याळात बघितलं, दोन घंट्या दिल्या आणि गाडी सुटली. बाबा पावसात उभे राहून बघत राहिले. "अरे, रिकामी गाडी सुटली!" हे वाक्य म्हणताना ऐंशीच्या घरातही त्या माणसाचे डोळे विस्फारायचे. मला लहानपणी त्यात नवल काय, ते कळायचं नाही. आता कळतं. गाडी माणसं भरण्यासाठी थांबत नाही, ठरलेल्या वेळेसाठी सुटते, हे आमच्या मुलखानं त्या काळी पहिल्यांदा पाहिलं. सहा माणसांना दिलेला शब्द साठ माणसांना दिलेल्या शब्दाएवढाच पक्का. माझ्या मते एसटीचा सगळा इतिहास त्या दोन घंट्यांमध्ये आहे.

माझ्या आईचं माहेर बीडकडचं, म्हणजे निजामाच्या राज्यातलं. तिकडचे वडीलधारे आमच्या थोरल्या बाबांना लग्नकार्यात भेटले की हटकून म्हणायचे, "सरकारी मोटार तुमच्या आधी आमच्याकडं." आणि ते खरंच होतं. निजाम सरकारनं 1932 सालीच आपल्या रेल्वेच्या खात्याकडून 27 गाड्यांवर प्रवासी वाहतूक सुरू केली होती. मुंबई प्रांताच्या गाड्यांना 1950 च्या मार्ग परिवहन कायद्यानं महामंडळाचं रूप मिळालं. 1956 साली मराठवाडा हैदराबादेतून आणि विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. 1 मे 1960 ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, तेव्हा गुजरातचं एसटी महामंडळही वेगळं झालं. पुढच्या वर्षी, 1961 मध्ये, निजामाच्या वारशाच्या आणि नागपूरकडच्या सरकारी गाड्या एकत्र आल्या आणि आपलं आजचं महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ उभं राहिलं. राज्य नकाशावर एक झालं ते पुढाऱ्यांच्या सह्यांनी. बीडची लेक नगरला दिल्यावर माहेरी दिवाळीला जायला लागली ती मात्र एसटीनं. आई सांगते, तिच्या आईला माहेरपणाला न्यायला बैलगाडी यायची आणि दोन मुक्काम पडायचे. आई सकाळी निघून संध्याकाळी माहेरच्या ओट्यावर बसलेली असायची.

आमच्या गावात गाडी यायला मात्र 1948 नंतरही खूप वर्षं गेली. 'रस्ता तिथे एसटी' हे ब्रीद खरं, पण रस्ताच नव्हता. सुप्यापासूनची बैलगाडीची वाट पावसाळ्यात चिखलात जायची. रस्ता झाला तो 1972 च्या दुष्काळात. त्या वर्षी आमच्या भागात विहिरींचे तळ दिसले, जनावरं दावणीला उपाशी उभी राहिली आणि गावंच्या गावं खडी फोडायला गेली. माझी आजीही गेली. अंगावर दोन वर्षांची माझी आत्या, डोक्यावर पाटी. दिवसभर ब्रासाच्या मापानं खडी फोडायची आणि आठवड्याला मजुरी घ्यायची. सोबत सुकडीही मिळायची. त्या हातांना पडलेले घट्टे मी पाहिले आहेत. मी लहान असताना ती माझ्या पाठीवरून हात फिरवायची तेव्हा ते सदऱ्याला अडकायचे.

दुष्काळ सरला, रस्त्यावर मुरूम पडला, रोलर फिरला आणि दोन-तीन वर्षांनी पारनेर आगाराची गाडी गावात आली. आजीनं गाडीला ओवाळलं. पण बसली नाही. ती गाडीच्या पुढं चालत गेली आणि जिथं तिच्या टोळीनं खडी फोडली होती तिथं, आंब्याच्या वळणाशी, उभी राहिली. गाडी त्या खडीवरून गेलेली तिला बघायची होती. पुढं म्हातारपणी आम्ही तिला तालुक्याला डॉक्टरकडे न्यायचो, तेव्हा ते वळण आलं की ती खिडकीच्या गजाला धरून बाहेर बघायची आणि म्हणायची, "ह्यो तुकडा माझा." सरकारी दप्तरात तो रस्ता दुष्काळी काम म्हणून लिहिलेला असेल. आमच्या घरात तो आजीचा तुकडाच आहे.

मुक्कामाची गाडी संध्याकाळी साडेसातला यायची आणि पहाटे सहाला पुण्याला निघायची. मधले साडेदहा तास ती आमची असायची. मारुतीच्या देवळासमोर ती उभी राहिली की आम्ही पोरं तिच्याभोवती जमायचो. इंजिनाची ऊब, डिझेलचा आणि धुळीचा वास, पत्र्याचा तापून निवताना होणारा टिकटिक आवाज. चालक-वाहक देवळाच्या ओट्यावर पथारी टाकायचे, उन्हाळ्यात टपावर झोपायचे, पावसात गाडीतल्या बाकड्यांवर. आळीपाळीनं त्यांना कोणाच्या तरी घरून भाकरी-कालवण जायचं. त्याचे पैसे कोणी घेत नसे.

त्या गाडीवर वर्षानुवर्षं येणारे एक वाहक पुढं आमच्याच गावात स्थायिक झाले. सगळे त्यांना आप्पा म्हणायचो. कंदिलाच्या उजेडात आप्पा हिशेब करायचे ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोर तसंच आहे. मांडीवर तिकिटांचा पत्र्याचा ट्रे. त्यात वेगवेगळ्या किमतींच्या तिकिटांचे गठ्ठे आपापल्या खणात उभे, प्रत्येक गठ्ठ्याचा रंग निराळा, कागद पतंगासारखा पातळ. भाडं चार रुपये साठ पैसे असेल तर तीन-चार गठ्ठ्यांमधून तिकिटं ओढून बेरीज जुळवायची, सगळी एकावर एक धरून चिमट्यानं एकदाच टोचायची. उतारूला ती छिद्रं पडलेली चळत मिळायची. रात्री प्रत्येक गठ्ठ्याचा वरचा क्रमांक बघून आप्पा तो वेबिलावर उतरवायचे, त्यातून सकाळचा क्रमांक वजा करायचे आणि मग चिल्लर मोजायला घ्यायचे. रुपयांचे मनोरे, आठ आण्यांचे मनोरे, चार आण्यांचे. एकदा दहा पैसे कमी पडले. आप्पांनी ट्रे उलटा केला, पिशवी झटकली, कंदील घेऊन अख्खी गाडी धुंडाळली. अखेर खिशातले दहा पैसे टाकले आणि मगच जेवायला बसले. मी म्हणालो, "आप्पा, दहाच पैसे होते." ते म्हणाले, "पोरा, पैसे सरकारचे न्हाईत. तुझ्या आजीचे हायेत. ती सकाळी कनवटीचे सोडून देती."

बाकी पैसे सुट्टे नसले की आप्पा तिकिटाच्या पाठीवर आकडा लिहून त्याला गोल करायचे. 'उतरताना घ्या.' अनेकांना उतरताना आठवायचं नाही, आप्पांना आठवायचं. दुसऱ्या दिवशी पारावर बोलावून ते पैसे हातावर ठेवायचे.

गाडी बघून ती कुठल्या कार्यशाळेत बांधली हे ओळखायला आप्पांनीच शिकवलं. महामंडळाच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळा आहेत. पुण्याजवळची दापोडी, छत्रपती संभाजीनगरची चिकलठाणा आणि नागपूरची हिंगणा. एमएच-20 पाटी असली की चिकलठाण्याची, एमएच-40 असली की हिंगण्याची, एमएच-12 किंवा 14 असली की दापोडीची. चासी बाहेरून यायची, पण सांगाडा, पत्रा, बाकडी, रंग सगळं आपल्या कामगारांच्या हातचं. दिल्लीला 1982 साली आशियाई खेळ झाले आणि त्यानंतर निमआराम गाड्यांना लोक 'एशियाड' म्हणू लागले. खेळ लोक विसरले, नाव मात्र राहिलं. दादर-पुणे एशियाडच्या रांगेत उभं राहणं हा एका पिढीचा शिरस्ता होऊन गेला. मग शिवनेरी आली, हिरकणी, शिवशाही, विठाई. त्या गाड्यांबद्दल मला आदर आहे, पण जीव जडला तो साध्या लाल गाडीवर. तिला कोणी 'लाल डबा' म्हटलं की आजही मनाला लागतं.

डबा म्हणजे आमच्यासाठी वेगळीच वस्तू होती. मी पुण्याला शिकायला गेलो ते 1992 साली. खोली चौघांत, खानावळीचे पैसे परवडत नव्हते. आई पहाटे चारला उठायची. पितळी डब्यात तीन भाकरी, वर कोरड्यास, एका वाटीत ठेचा. डबा फडक्यात बांधून आई किंवा धाकटा भाऊ सहाच्या आत देवळापाशी जायचा. गावातली आम्ही सात-आठ पोरं पुण्यात होतो, तेवढे डबे तिथं रांगेनं यायचे. चालक ते आपल्या शेजारी, इंजिनाच्या बॉनेटवर मांडायचा आणि दोरीनं बांधायचा. ओळख पटावी म्हणून आईनं झाकणावर लाल ऑइलपेंटनं कुंकवासारखी टिकली काढली होती. नऊच्या सुमारास मी शिवाजीनगर स्थानकावर फलाटाशी उभा असायचो. गाडी लागली की चालक खिडकीतूनच विचारायचा, "टिकलीचा कोण?" बॉनेटच्या उष्णतेनं भाकरी गरम असायची. पुण्यात राहून मी तीन वर्षं आईच्या हातची गरम भाकरी खाल्ली ती अशी.

रिकामा डबा संध्याकाळी परतीच्या गाडीनं जायचा. त्यात मी चिठ्ठी ठेवायचो. आईला वाचता येत नव्हतं, भाऊ वाचून दाखवायचा. पदवीचा निकाल लागला तेव्हाही तो डब्यातूनच गेला. फडक्याला पिवळा डाग होता आणि कागदाला ठेच्याचा वास लागलेला होता, हे भाऊ अजून सांगतो. त्या तीन वर्षांत माझा एकही डबा हरवला नाही. किती चालक, किती वाहक बदलले असतील. कोणाची रजा, कोणाची बदली. डबा पोचवणं हे कोणाच्या नेमून दिलेल्या कामात नव्हतं. पश्चिम महाराष्ट्रातल्या, मराठवाड्यातल्या शेकडो गावांची माझ्या वयाची माणसं हीच गोष्ट सांगतील. ती शिकली, मास्तर झाली, वकील झाली, अधिकारी झाली, त्यामागे आईच्या चुलीइतकाच बॉनेटवर बांधलेल्या त्या दोरीचा वाटा आहे.

आणि मुली. शाळेसाठी मुलींना राजमाता अहिल्यादेवी होळकरांच्या नावानं मोफत पास मिळू लागला, तेव्हा आमच्या गावातल्या घरांमध्ये जे घडलं ते मी पाहिलं आहे. सातवीनंतर 'लांब पाठवायची कशी' म्हणून घरी बसवल्या जाणाऱ्या पोरी दप्तर घेऊन थांब्यावर दिसू लागल्या. बापाला कंडक्टर ओळखीचा होता, गाडी ओळखीची होती, परत यायची वेळ माहीत होती. माझी भाची त्या गाडीनं शिकली आणि आज परिचारिका आहे.

2020 च्या टाळेबंदीत सगळं थांबलं होतं, तेव्हा परराज्यातल्या मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत सोडायला आणि कोट्याला अडकलेली आपली मुलं परत आणायला गेल्या त्या एसटीच्याच गाड्या. त्यानंतर 2021 च्या ऑक्टोबरअखेरीस कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. महामंडळाचं राज्य शासनात विलीनीकरण करा, ही त्यांची मागणी. संप एप्रिल 2022 पर्यंत चालला. आप्पा तेव्हा अंथरुणाला खिळलेले. संध्याकाळी साडेसात झाले की ते देवळाच्या दिशेनं कान द्यायचे. संपावरच्या माणसांना त्यांनी एका शब्दानं दोष दिला नाही. "ह्या पगारात घर चालत न्हाई, मी चालवून बघितलंय," एवढंच म्हणाले. गाडी पुन्हा सुरू झालेली पाहून त्याच पावसाळ्यात ते गेले.

त्याच वर्षी 1 जूनला पुणे ते अहमदनगर या मार्गावर 'शिवाई' ही विजेवरची गाडी धावली. पहिल्या फेरीचाच मार्ग, पहिल्या फेरीचाच दिवस. थोरले बाबा असते तर पुन्हा सुप्याला जाऊन उभे राहिले असते.

आज राज्यात एसटीची अडीचशेच्या आसपास आगारं आहेत. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला आणि मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. या सवलतींवर शहरातली माणसं तोट्याचा हिशेब मांडतात. त्यांच्यापुढे मला दोनच गोष्टी ठेवायच्या आहेत. एक, आपल्या एसटीच्या भाड्यातून साडेसतरा टक्के प्रवासी कर सरकारकडे जात आला आहे; म्हणजे गरिबाच्या तिकिटातून सरकारनंही घेतलं आहे, नुसतं दिलेलं नाही. दुसरी, फेरीचा हिशेब किलोमीटरमागे किती रुपये एवढ्यावर करायचा ठरवला, तर आमच्या गावासारख्या गावाची गाडी कधीच परवडणार नाही. ती 1975 सालीही परवडत नव्हती. पण तिच्यावरून शिकून गेलेली पोरं, वेळेत दवाखान्यात पोचलेल्या बाळंतिणी, माहेरी जाऊन आलेल्या लेकी यांचा रकाना त्या वेबिलात नाही. ज्यांच्या हातात फेऱ्या ठेवायचा आणि काढायचा अधिकार आहे, त्यांना हात जोडून सांगणं आहे, मुक्कामाच्या गाडीवर शेवटी हात घाला, आधी नको.

गेल्या महिन्यात गावी गेलो होतो. पहाटे देवळापाशी जाऊन उभा राहिलो. वाहक बाई होत्या, हातात तिकिटाचं यंत्र, गळ्यात तीच चामडी पिशवी. दवाखान्यात निघालेली एक सून, कॉलेजच्या दोन पोरी आणि मोफत तिकिटावर लेकीकडे चाललेले एक आजोबा. बॉनेटवर एक डबा होता, फडक्यात बांधलेला. सहा वाजले, दोन घंट्या झाल्या आणि चाळीसहून जास्त आसनांची गाडी चार माणसं घेऊन वेळेवर सुटली.